आठ भोकांची पट्टी

बायको गेल्यावर पोरानं मला धातू शोधायचं यंत्र आणून दिलं. मी घरात बसून सगळ्यांना टोचून बोलतो, म्हणून मला बाहेर काढायची ती युक्ती. ती मला कळली, पण यंत्र चांगलं होतं, म्हणून घेतलं. इथं परदेशात पोराच्या बिशानच्या फ्लॅटमधून निघायचं, एमआरटी म्हणजे मेट्रो आणि मग बस करून चांगीच्या किनाऱ्यावर जायचं, आणि वाळूवरून ते फिरवायचं. वाजलं की खणायचं. नाणी, डब्यांची झाकणं, गळाला लावायचं शिसं, एकदा कुणाच्या खिडकीचं चाक. मी चौथी शिकलेला, पण सांगलीकडं जन्मभर फिटर होतो. लोखंडाचा तुकडा हातात आला की तो कुठं बसत होता ते मी सांगतो.

एका मंगळवारी पट्टी निघाली. वीतभर लांब, बोटभर रुंद, स्टेनलेसची. वर शिंपल्यांचं पांढरं कवच चढलेलं, त्यातून दोन-तीन भोकं दिसत होती. मी वाळूतच बसलो.

बायको न्हाणीघरात पडली होती तेव्हा मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी अशीच पट्टी घालून स्क्रूनं हाड आवळलं. एक्स-रे मी बघितला, आठ भोकं मोजली. म्हटलं, "तुला स्क्रू मारले. आता माझ्या खात्यात आलीस."

"मग ग्रीस लावा," म्हणाली.

दोन वर्षं ती त्या पट्टीवर चालली. मग दुसऱ्याच दुखण्यानं गेली. त्याला वर्ष होत आलं.

इथं दहनानंतर अस्थी ट्रेमधून आणून देतात, घरच्यांनी वेचायच्या. ट्रेमध्ये पट्टी होती, काळी पडलेली. गुरुजी म्हणाले, "हे शरीराचं नव्हे, आजोबा. बाजूला ठेवा, इथले लोक घेऊन जातील."

"ती ह्याच्यावर चालली. तुम्ही चालला होता का?"

"बाबा, प्लीज," पोरगं म्हणालं.

मी पट्टी ट्रेच्या कडेला सारली. सगळे हात धुवायला गेले तेव्हा पट्टी मडक्यात घातली, वरून अस्थी सारल्या, लाल फडकं बांधलं. बोटीतून ते मडकं चांगीच्याच समुद्रात सोडलं. कुणाला सांगितलं नाही.

आता ही पट्टी तीच असली, तर माझ्या हट्टापायी तिचं विसर्जन अर्धं राहिलं. पोराला सांगावं लागणार, पुन्हा सगळं करावं लागणार. मी असलं मानत नाही. पण ती मानायची.

व्हिनेगरमध्ये टाकली असती तर कवच सुटलं असतं. मी टाकली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून कॉटखाली ठेवली, चार दिवस. दुसऱ्या फिटरनं असं केलं असतं तर मी त्याला हसलो असतो. सून झाडताना म्हणाली, "बाबा, हे काय गंजकं आणलंय?"

"स्टेनलेस आहे. गंजत नाही," म्हटलं.

पाचव्या दिवशी पट्टी किनाऱ्यावरच्या चिनी म्हाताऱ्याकडं नेली. तो शिडाच्या बोटी दुरुस्त करतो. माझं इंग्रजी दहा शब्दांचं, त्याचं पंधरा, त्यामुळं आमचं भांडण होत नाही. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि छिन्नी घेऊन कवच उडवायला लागला.

"हळू!" मी मराठीतच ओरडलो.

"व्हाय? गोल्ड आह?" म्हणाला, आणि ठोकत राहिला.

एकेक भोक मोकळं झालं. मी मोजत होतो. तीन, चार, पाच. पाचनंतर काही नाही. टोकाला अंगठा जाईल एवढं एक मोठं भोक. पट्टी सरळसोट. तिची पट्टी हाडाच्या वळणानं वाकवलेली होती, आणि स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून भोकांना तोंडाशी उतार होता. हिला नव्हता. पहिल्या दिवशी नखानं खरवडलं असतं तरी कळलं असतं.

"बोट वन लाह, अंकल," म्हणाला, म्हणजे बोटीची.

त्यानं एक बोट दाखवली. तिच्या कुशीला तशीच पट्टी बसवलेली, आणि डोलकाठी ताणून धरणारी तार तिच्या मोठ्या भोकात अडकवलेली. मी हात लावून बघितलं. बरोबर होतं. पट्टी त्यालाच देऊन टाकली.

सुटलो, असं वाटायला पाहिजे होतं. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, घरी जायची मला काही घाई नव्हती. पट्टी कॉटखाली होती ते चार दिवस होती.

जेवताना पोरानं विचारलं, "ती पट्टी कसली निघाली, बाबा?"

"बोटीची. तुझ्या आईची नव्हे."

तोंडातून गेलंच. मग सगळं सांगून टाकलं. वाटलं, चिडेल.

"मडकं माझ्या मांडीवर होतं," तो म्हणाला. "बोट हलली की आत वाजायचं. गुरुजींना ऐकू जाऊ नये म्हणून पोटाशी आवळून धरलं होतं."

"मग बोलला नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

"मला दोघांनीही सांगितलं नाही," सून म्हणाली, आणि तिनं माझ्या ताटात भात वाढला.