न बांधलेल्या घराचं दार

सुरतेत लॉटरी मिळत नाही. गुजरातेत ती बंद आहे, आणि माझं म्हणणं असं की सरकारनं एवढं एक काम तरी धड केलं. पण माझ्या नवऱ्याला कोण अडवणार? सकाळी उधन्याला गाडी पकडायची, नवापूरला उतरायचं, की आला महाराष्ट्र. बाजारात जाऊन तिकीट घ्यायचं आणि मिळेल त्या गाडीनं डिंडोलीला परत. त्यासाठी मिलमध्ये खाडा करायचा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, वर सुपरवायझरची बोलणी खायची ती वेगळीच. "तिकिटाला लागतात किती, एवढेसे तर पैसे," असं हे म्हणायचे तेव्हा माझं डोकंच फिरायचं. "आणि खाड्याचे कोण भरून देणार, तुमचा सासरा?" मी विचारायची. हे हसायचे आणि चप्पल घालायचे.

गावाला लग्नाकार्याला गेलो तरी तेच. येताना गाडी नवापूरला लागली की हे उतरून पसार, आणि मी पिशव्या, पोरगी, दिरानं दिलेली दादर ज्वारीची गोणी असं सगळं सांभाळत एकटी उधन्याला उतरणार. गल्लीतल्या बाया मला हसायच्या. लॉटरी घेऊन काही परवडतं का हो, असं मलाच विचारायच्या, कारण यांचा नाद सगळ्यांना माहीत. मी सांगायची, डोंबलाचं परवडतं! दोनदा बारकं बक्षीस लागलं, तर दुकानदारानं त्या पैशांचीही तिकिटंच हातात ठेवली. आणि हा माणूस ती घेऊन खुशीत घरी आला.

पण तिकीट घरात आलं की संध्याकाळी एक खेळ सुरू व्हायचा, आणि त्यात मीही असायची. मी घरी साड्यांचे लोंबते दोरे कापायचं काम करते. साडीत कुठं खोट दिसली तर खूण करायला शेठकडून खडू मिळतो. हे तो खडू घ्यायचे आणि फरशीवर घर काढायला बसायचे. गावाला दिराच्या घरामागं आमच्या वाट्याची मोकळी जागा आहे. तिथं आता दिराची मोडकी गाडी आणि सरपण पडलेलं असतं. लॉटरी लागली की तिथं घर बांधायचं, मिलला रामराम ठोकायचा, हे ठरलेलं. पुढं ओटा, मग मोठी खोली, आत एक लहान, कडेला संडास-मोरी, आणि या बाजूला स्वयंपाकघर. इथपर्यंत आमचं एकमत. भांडण व्हायचं ते स्वयंपाकघराच्या दारावरून.

यांना ते दार ओट्याकडं हवं. "मिलमध्ये बारा-बारा तास उभा राहिलेला माणूस मी. ओट्यावर बसल्या जागी चहा आला पाहिजे. हाक मारली की तू दिसली पाहिजेस." मला ते दार मागं परसाकडं हवं. का, तर आमच्या डिंडोलीच्या खोलीला एकच दार. पाहुणा त्याच दारानं येतो, कचरा त्याच दारानं जातो, भांडी मी त्याच दारात घासते, आणि येणारा-जाणारा आज हिच्याकडं काय शिजलं ते खरकट्यावरून बघून जातो. मला एक दार असं हवं होतं की जिथं मी साऱ्या जगाकडं पाठ करून बसेन आणि कोणी म्हणून मला हाक मारणार नाही. हे ओट्याकडं दार काढायचे. मी ओल्या फडक्यानं ते पुसायची आणि परसाकडं काढायची. हे पुन्हा पुसायचे. "का व, घर तुझ्या बापाचं शे का?" "मग तुमच्या बापाचं शे का? अजून लॉटरी लागायची शे!" एकदा तर आमचा अबोला झाला. यांनी जेवणाचं ताटसुद्धा माझ्या हातून घेतलं नाही, पोरीला वाढायला लावलं. पोरगी इथंच जन्मली, इथंच शिकली, तोंडात गुजराती बसलेली. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मम्मी, छोड ने! घर छे क्यां?" घर आहेच कुठं, हे आम्हाला का माहीत नव्हतं? पण हार कोणी मानायची?

पोरगी लग्न होऊन गेली. आम्ही दोघं उरलो, पण खडू चालूच होता, आणि दाराचा निकाल काही लागला नव्हता.

मग यांचा खोकला वाढला. खोकला तसा आधीपासून होता. भेस्तानकडच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये वाफेत उभं राहणाऱ्या सगळ्यांनाच असतो, त्याचं कोणी मनावर घेत नाही. पण हे मिलचा जिना चढताना मध्येच बसायला लागले. शेवटी मी ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. फोटो काढले, फुंकर मारायच्या मशीनवर फुंकर मारायला लावली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेलीत ती परत यायची नाहीत, राहिलीत तेवढी जपा, वाफेचं काम बंद. यांनी एकच विचारलं, "कामावर कधी जाऊ?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तेव्हापासून हे दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले असतात. चहा बसल्या जागी देते. येणारे-जाणारे विचारतात, हे मान हलवतात. बोलणं कमी कमी होत गेलं. मला वाटलं, श्वास पुरत नाही म्हणून बोलत नसतील. दिवाळी जवळ आली, बाजारात पणत्या आल्या, तरी नवापूरचं नाव नाही. मी मुद्दाम काडी टाकून बघितली. म्हटलं, "मोठी सोडत आली. कोणी गावाला जाणारं असेल तर तिकीट मागवायचं का?" हे रस्त्याकडं बघत म्हणाले, "राहू दे."

दवाखान्यात मी घाबरले नव्हते एवढी त्या 'राहू दे'नं घाबरले. ज्या लॉटरीच्या नावानं मी इतकी वर्षं बोटं मोडली, ती या माणसानं मागावी म्हणून मी आतल्या आत देवाच्या पाया पडत होते. काय म्हणावं या कर्माला!

दुसऱ्या दिवशी भाताचा कुकर लावून ठेवला, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि यांना म्हटलं, शेठकडं साड्या पोचवून येते. उधन्याला जाऊन गाडीत बसले. नवापूरच्या बाजारात दुकान शोधायला वेळ लागला नाही. लाकडी टपरीला तोरणासारखी तिकिटं लटकवलेली. दुकानदारानं गठ्ठा पुढं केला, मी हात घातला तर मला कळेचना की यातलं कसं घ्यायचं. मी सांगितलं, सुरतेहून येतात ना, डिंडोलीचे, उंच, बारीक, खोकतात, त्यांची मी बायको. तो लगेच म्हणाला, "हां हां! ते कधी वरचं घेत नाहीत, तळातलं ओढतात. आणि घर बांधणार आहेत ना तुम्ही? कधी येऊ वास्तुशांतीला?" मला तिथंच रडू फुटलं. या परक्या माणसालाही घर सांगून झालेलं! दुकानदार बिचारा घाबरला, पाण्याची बाटली पुढं करायला लागला. मी तळातलं तिकीट ओढलं, पदरात बांधलं आणि स्टेशनावर येऊन बसले. ते तिकीट पुढं लागलं नाही, पण त्या दिवशी ते मला कोणी लाख रुपये दिले असते तरी विकलं नसतं.

घरी आले तेव्हा हे खुर्चीत तसेच बसलेले. मी तिकीट यांच्या हातात ठेवलं. म्हटलं, "बघा, तळातलं आणलंय. तुमचा दुकानदार वास्तुशांतीचं विचारत होता." यांनी तिकीट उलटसुलट केलं. मला वाटलं, आता विचारतील, खोटं बोलून एकटी नवापूरला गेलीस कशाला? रागावतील तरी. यांनी ते खिशात घातलं आणि म्हणाले, "दमली असशील. बस."

मी बसले नाही. खडू घेतला आणि यांच्या पायांपुढंच फरशीवर घर काढायला लागले. ओटा काढला, मोठी खोली, लहान खोली, संडास-मोरी, स्वयंपाकघर. मला काही यांच्यासारखं सरळ काढता येत नाही, रेघा वाकड्या जात होत्या. हे बघत होते. मग जे मी जन्मात केलं नसतं ते केलं. म्हटलं, "चला, तुमचंच खरं. दार ओट्याकडं. हाक मारली की मी दिसेन, बसल्या जागी चहा मिळेल. झालं समाधान?" आणि ओट्याकडच्या भिंतीत दार काढलं.

हे वाकले. वाकताना खोकला आला, तो थांबेपर्यंत तसेच राहिले. मग हाताच्या तळव्यानं ते दार पुसलं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता भांडतील, खडू मागतील. मी खडू पुढं केला.

यांनी तो घेतला नाही. "राहू दे," म्हणाले. "परसाकडंच काढ. तुना मनमा शे तसं कर."

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा माझ्यापुढं हरला. मी खडू हातात धरून फरशीवर बसून राहिले. परसाकडची भिंत समोर होती, पण माझ्याच्यानं तिथं दार काढवलं नाही.