वारसा महोत्सवातली घुगरी-टोपली

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे आठवावं लागतं. हे एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं.

त्या वेळी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. गावात दर हिवाळ्यात वारसा महोत्सव भरतो. बसस्थानकापासून बाजारापर्यंतचा रस्ता वाहनांना बंद करतात आणि दोन्ही बाजूंना गावातल्या एकेका समाजाचा मांडव लागतो. शेतकरी घरच्या बाया रोडगे भाजतात, कोलाम मंडळी ढोलावर नाचतात, मशिदीमागच्या मोहल्ल्यातले लोक अत्तर आणि शिरखुर्मा मांडतात, तांड्यांवरच्या बंजारा बाया कशिदा आणि जुने दागिने घेऊन येतात. आम्हा पोलिसांसाठी हा बंदोबस्त तसा सुखाचा. हरवलेली पोरं आणि खिसेकापू, एवढंच काम.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी बंजारा मांडवातून चांदीची घुगरी-टोपली गेली. लग्न झालेल्या बंजारा बाईच्या केसांत दोन्ही कानांशेजारी गुंफतात, तो हा दागिना. ती ज्या म्हातारीची होती, तिने नवरा गेल्यापासून उतरवून ठेवली होती आणि महोत्सवापुरती मांडायला दिली होती. बाया रस्त्यावर नाचायला गेल्या, परत येऊन पाहतात तर कापड रिकामं. मी म्हातारीची फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला आणि माणसं कामाला लावली.

थोड्याच वेळात ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, "बाजूचा अत्तरवाला पोरगा त्या कापडापाशी वाकून काहीतरी करून राह्यला होता. म्या पाह्यलं."

हा अत्तरवाला पंचविशीचा, लग्न झालेला तरुण. वडिलांचं दुकान सांभाळायचा. त्याच्याविरुद्ध कधी साधी तक्रारही नव्हती. त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं आणि तिथेच अडचण सुरू झाली. हीच बातमी मोबाइलवरून गावभर फिरली. फिरता फिरता एका तरुणाचं नाव मागे पडलं आणि अख्ख्या मोहल्ल्याचं नाव पुढे आलं. तासाभरात ठाण्यासमोर तांड्यावरची दोनेकशे माणसं जमली. मोहल्ल्याच्या तोंडाशीही गर्दी झाली. मधल्या रस्त्यावर बायापोरांनी भरलेले मांडव. मी जिल्ह्याला कळवून जादा कुमक मागवली, पण ती पोचायला वेळ लागणार होता. तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, ठाण्याच्या पायरीवर बसून आपल्या माणसांना आवरत होता. मला म्हणाला, "साहेब, मी रोकून धरतो. पण लवकर करा."

मी तरुणाला समोर बसवलं. कापडाला हात लावला का, विचारलं. त्याने सरळ हो म्हटलं.

"काहून?"

"कापड खाली पडलं होतं, साहेब. उचलून ठेवलं."

"आणि चांदी?"

"म्या नाही घेतली."

"मग कोणी घेतली?"

त्यावर तो गप्प. बाहेरचा आरडाओरडा खिडकीतून ऐकू येत होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी तो बोलेना. खोटं बोलणारा माणूस अशा वेळी बडबडतो, कोणाचं तरी नाव पुढे करतो. हा तसं काहीच करत नव्हता. मी आवाज खाली आणला. "बाहेर काय चाललंय ऐकतोस ना? आज यात कोणाचा जीव गेला तर?"

तेव्हा तो बोलला. "एक बाई होती, साहेब. तिनं ते उचललं, कपाळाले लावलं, अन् रडत रडत गेली. मले वाटलं, घरचीच कोणी असन. चोर असं रडते काय? आता मी सांगितलं, अन् हे लोक तिच्या घरावर गेले तर?"

"कशी होती बाई?"

"साडी तर गावातल्यासारखीच. पण हातभर गोंदण होतं, तांड्यावरच्या बायांचं असते तसं."

खोलीत आमची महिला शिपाई उभी होती. ती स्वतः तांड्यावरचीच. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, आपण म्हातारीलाच विचारू. पण इथं माणसांसमोर नको."

म्हातारीला आतल्या खोलीत आणलं. महिला शिपाई तिच्याजवळ खाली बसली आणि तिने ऐकलेलं सगळं सांगितलं. "याडी, कोण असन ते?" याडी म्हणजे आई.

म्हातारी मग म्हणाली, "माही लेक असन. दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून तांड्यानं तिले तोडलं. लहान होती तवा मीच म्हणत होती, ही घुगरी तुह्या लग्नात बांधीन."

लेक जवळच्याच फुलसावंगी गावात राहते, हे आईला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत जायची हिंमत झाली नव्हती. मी दुय्यम अधिकाऱ्याकडे ठाणं सोपवलं, तरुणाला आतच सुरक्षित बसवलं आणि महिला शिपायाला घेऊन मागच्या दाराने जीप काढली. म्हातारी हट्टाने सोबत आली.

लेकीने दार उघडलं. खाकी दिसताच तिने हात जोडले. "घेतली साहेब, म्याच घेतली. मायची घुगरी अशी दुकानातल्यासारखी मांडलेली पाहून राहवलं नाही. विकाची नव्हती मले." घुगरी आत देवापुढे ठेवली होती.

एवढ्यात म्हातारी जीपमधून उतरून पुढे आली. लेक जागीच खाली बसली. म्हातारीने आत जाऊन घुगरी आणली, लेकीच्या मागे बसली आणि तिच्या केसांची बट सोडवायला लागली. "लग्नात बांधाची राह्यली होती," एवढंच म्हणाली. मी आणि महिला शिपाई अंगणात येऊन उभे राहिलो. पंचनाम्याची घाई त्या घटकेला मला करवली नाही.

ऊन उतरायच्या आत आम्ही ठाण्यावर परतलो. गर्दी वाढली होती. म्हातारी जीपमधून उतरून थेट नायकासमोर उभी राहिली.

"घुगरी सापडली. माह्या लेकीनं नेलती. तिचीच होती. या पोराले घरी जाऊ द्या."

नायक म्हणाला, "कोणती लेक?"

"तुम्ही तोडली ते. तुम्ही विसरले, मी नाही विसरली."

नायक पायरीवरून उठला, आत आला आणि त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल बापू, तुले घरी सोडून देतो." तांड्यावरची माणसं त्याला मधे घेऊन मोहल्ल्यापर्यंत चालत गेली. मी पाठोपाठ होतो. मोहल्ल्याच्या तोंडाशी दोन्ही गर्द्या समोरासमोर आल्या. तरुणाचे वडील पुढे आले, नायकाला म्हणाले, "आले तसे आता चहा घेऊनच जा." संध्याकाळी मांडव पुन्हा सुरू झाले.

पुढे म्हातारीचा पुरवणी जबाब घेतला, न्यायालयात 'क' समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, पाठवली, ती मंजूर झाली. गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून प्रकरण बंद झालं. त्या दिवशी जादा कुमक आली तेव्हा तिला करायला काम उरलं नव्हतं.

चौकशीत गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं असतं. ते खरंच आहे. पण माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवायला लपवत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. त्यानंतर समोरचा गप्प झाला की मी आधी मनात विचारायचो, हा कोणाला सांभाळतो आहे? या एका प्रश्नाने पुढच्या नोकरीत मला पुष्कळ ठिकाणी वाट दाखवली.

गाव शांत राखल्याबद्दल वरिष्ठांनी मला प्रशस्तिपत्र दिलं. ते घेताना मला संकोच वाटला. अनोळखी बाईच्या अब्रूसाठी गर्दीच्या तोंडी जायला तयार झालेला तरुण, दोनशे माणसं नुसत्या शब्दावर थोपवून धरणारा नायक, आणि सगळ्या तांड्यासमोर लेकीला लेक म्हणणारी म्हातारी, यांच्यामुळे माझ्या हद्दीत त्या दिवशी रक्त सांडलं नाही. मी त्यांचा ठाणेदार होतो, हे माझं भाग्य.