एक लिटर लाल तेल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच. गॅरेजात दिवसभर माणसं येऊन बसतात, चहा पितात, साऱ्या दुनियेच्या भानगडी बोलतात – तिथंही माझ्या तोंडून कधी निसटलं नाही. आज सांगायला बसलोय. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

बाभुळगावात माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, मालाच्या गाड्या. नुसता आवाज ऐकून रोग सांगतो, असं लोक म्हणतात, आणि मला ते आवडतं. फार आवडतं. सगळं तिथूनच सुरू झालं – पण त्यावर येतो.

ताई माझ्याहून मोठी, आरोग्य उपकेंद्रात नर्स. डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणं तिला जमायचंच नाही, म्हणून तिची स्वतःची गाडी हा विषय घरात कधी निघाला नाही. गावोगाव जायचं ते कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून, नाहीतर मी नेईन तेव्हा. मग सुभद्राताईंनी तिला आपली जुनी ऑटोमॅटिक कार दिली. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, एक उजवा पाय पुरतो. सुभद्राताई ताईची मैत्रीण, त्याही नर्स. यवतमाळच्या होस्टेलात दोघींच्या खाटा शेजारी होत्या, तेव्हापासूनची मैत्री. गाडी त्यांच्या यजमानांची. ते वारल्यावर ती अंगणात उभी असायची, आणि ही बाई दर रविवारी ती धुऊन, थोडी फिरवून परत झाकून ठेवायची. दुसरं कुणीही ती चांगले पैसे मोजून घेऊन गेलं असतं. पण त्यांनी ताईला दिली. कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या मैदानावर चालवायलाही त्यांनीच शिकवलं.

आणि मला? मला गाडी दारात उभी राहिल्यावर कळलं. सख्खा भाऊ मिस्त्री आणि त्याला साधं विचारायचंसुद्धा नाही? दगा झाल्यासारखं वाटलं – हसू नका, खरंच तसं वाटलं. ताई पहिल्यांदा एकटी कळंबपर्यंत जाऊन आली, तेव्हा तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी काय विचारलं? अ‍ॅव्हरेज किती देते?

उन्हाळ्यात तक्रार आली. "गाडी गरम झाली का गिअर उशिरा पडते रे, झटका बसते. पाह्य बरं जरा," ताई म्हणाली.

असला गिअरबॉक्स मी जन्मात हाताळला नव्हता. पण तसं म्हणायचं कुणी? बॉनेट उघडलं, गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक काढली – इंजिन बंद, थंड, जसं आम्ही इंजिनाचं तेल पाहतो तसं. तेल खुणेच्या बरंच वर दिसलं. तेल जास्त झालंय, त्याचेच झटके, असं मी ठोकून दिलं आणि एक लिटर काढून पाण्याच्या बाटलीत भरलं. लालभडक तेल, आरपार दिसणारं, जळका वास अजिबात नाही. ते पाहून तरी मला कळायला हवं होतं की आतलं सगळं धड आहे.

आठ दिवसांत गाडी बिघडली. सकाळी लिव्हर पुढं जायच्या 'डी'वर टाकलं तरी जागची हलायची नाही. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, चाकांना ओढ नाही. ताईनं विचारलं काय झालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गिअरबॉक्स पयलेच गेलता. सुभद्राताईनं तुले लपवून देली."

ताई खाटेवर बसली. मग माझ्यासमोरच तिनं फोन लावला. "सुभद्रा, माह्याच लंगड्या पायाचा फायदा घेतला तुनं?" एवढंच बोलली आणि रडायला लागली. तिला इतकं रडताना मी आई गेली तेव्हाच पाहिलं होतं.

दोन दिवसांनी मी नागपूरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. त्याचा पहिलाच प्रश्न – तेल इंजिन चालू ठेवून, गरम असताना पाहिलं ना? बंद असताना वरचं तेल खाली उतरतं, मग जास्तच दिसणार. काढलं तर नाही? मी म्हणालो, छे. मग तो म्हणाला, झटक्याला आतली तेल गाळायची जाळी तुंबली असेल, किरकोळ काम आहे, पण तेल कमी असताना चालवू नको, गिअरबॉक्सातल्या प्लेटा जळतील.

आता ऐका – मघापासून मी याच्याच भोवती फिरतोय. बाटली फळीवर होती. नरसाळं हाताशी होतं. दहा मिनिटांचं काम. तेल परत ओतलं असतं तर गाडी सुधारली असती. पण मग गेलेला गिअरबॉक्स आपोआप बरा कसा झाला, हे ताईनं विचारलं नसतं का? सुभद्राताई खऱ्या ठरल्या असत्या. आणि मी? मी तेल ओतलं नाही. चालते तोवर चालव, म्हणालो. चुकून नाही, समजून-उमजून. माझा शब्द खरा ठरावा म्हणून मी बहिणीची गाडी जळू दिली. तीन आठवडे लागले. आधी रिव्हर्स गेला, मग सगळंच. शेवटी काळं, करपलेलं तेल मी बोटावर घेऊन ताईच्या नाकापाशी नेलं. बघ, म्हणालो.

सुभद्राताई एकदा गॅरेजात आल्या. हातात यजमानांची वही होती, केव्हा तेल बदललं, केव्हा जाळी, सगळं त्यात लिहिलेलं. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "भाऊ, गाडी तू पाह्यली. तू सांग, मी फसवलं काय तिले?"

बाटली त्यांच्या डोक्यामागच्या फळीवर होती.

मी म्हणालो, हो.

त्या वही घेऊन निघून गेल्या. पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. ताई परत लोकांच्या मोटरसायकलवर मागं बसायला लागली, नाहीतर माझ्या.

मागच्या वर्षी ताई निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमाला गावोगावच्या बाया आल्या होत्या, सुभद्राताई नव्हत्या. ताई बोलायला उठली. म्हणाली, "ज्यायले आपलं म्हटलं त्यायनंच मले फसवलं. नाही फसवलं तं एकट्या माह्या भावानं." मग तिनं मला पुढं बोलावलं, आणि स्वतःला मिळालेली शाल काढून माझ्या अंगावर घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ती शाल घेतली. थंडीत पांघरतो.