भोंगा मिस्त्री आणि बर्फाचा ट्रक

भोंगा मिस्त्रीला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, मुलगी 'बाबा', आणि बाकी सगळं जग भोंगा. त्याला त्याचा राग तर नव्हताच, उलट गॅरेजच्या पाटीवर त्याने तेच नाव रंगवून घेतलं होतं. मोटरसायकलच्या सायलेन्सरच्या पोटातली जाळी काढून, नळी कापून, पुन्हा जोडून गाडीला असा काही कंठ फोडायचा की गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तरी शेवटच्या घरातली भांडी थरथरावीत.

काम संपलं की परीक्षा असे. गिऱ्हाईकाने गाडीवर बसून मूठ पिळायची आणि मिस्त्रीने गाडीच्या मागे उकिडवं बसून, डोळे मिटून, नळीच्या तोंडापुढे तळहात धरून ऐकायचं. आवाज मनासारखा लागला की तो मान डोलवत उठायचा आणि ठरलेलं प्रवचन द्यायचा.

"हॉर्न वाजवायला अंगठा लागतो, हा आपोआप वाजतो. तू एखाद्या वेळी दिसणार नाहीस, पण ऐकू येशीलच. ऐकू आलास की वाचलास. हा आवाज नाही बाबा, हे चिलखत आहे."

गिऱ्हाइकं तरुण असायची, त्यांना मुळात आवाजच हवा असायचा. वर सुरक्षिततेचा आशीर्वाद मिळाला तर घरी सांगायला बरं. शेजारपाजारचे कावले होते. बायको म्हणायची, "उथळ पाण्याला खळखळाट फार." मिस्त्री हसून सोडून द्यायचा. पण एक गोष्ट खरी होती, तो लोकांना फसवत नव्हता. त्याचा स्वतःचा त्या बोलण्यावर पूर्ण विश्वास होता. नसता, तर मुलीच्या गाडीला त्याने हात लावला नसता.

मुलगी विजेचे मीटर वाचायला घरोघर फिरायची. नोकरी लागली त्याच आठवड्यात बापाने तिच्या मोटरसायकलचा सायलेन्सर मोकळा करून दिला. ती कुरकुरली, "मी येतेय हे अख्ख्या गल्लीला आधीच कळतं बाबा. निम्मे लोक दारच उघडत नाहीत." पण बाप म्हणाला, "दार नाही उघडलं तरी चालेल, पण ट्रकवाल्याला तू कळली पाहिजेस." तेही तिने मानलं. बापाचं सगळंच मानायची ती.

त्या सकाळी बर्फाच्या कारखान्याचा ट्रक डावीकडे कारखान्याच्या गल्लीत वळत होता आणि ही डाव्या बाजूने पुढे निघाली. ट्रकने तिला धडक देऊन पाडलं, चाकाखाली घेतलं नाही एवढंच नशीब. नडगी मोडली, मनगट मोडलं. ट्रकच्या ड्रायव्हरने स्वतः उचलून तिला केबिनमध्ये बसवलं आणि दवाखान्यात आणलं.

मिस्त्री धावत पोचला तेव्हा तो ड्रायव्हर बाहेरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा, सडपातळ, सदऱ्यावर पोरीच्या रक्ताचे डाग. उठून काही सांगू लागला तोच मिस्त्रीने त्याच्या कानाखाली वाजवली.

"बहिरा आहेस का रे? अख्ख्या गावाला ऐकू येतो तो आवाज, तुला नाही आला?"

"नाही आला," ड्रायव्हर म्हणाला. "खरंच नाही आला."

"ऐका, ऐका. स्वतःच सांगतोय."

दवाखान्यात माणसं कमी नसतात आणि माणसांच्या जिभेला हाड नसतं. दुपारपर्यंत बर्फाच्या कारखान्यात बातमी पोचली की आपला ड्रायव्हर बहिरा आहे. मॅनेजरने त्याला गाडीवरून उतरवून बर्फाच्या लाद्या उचलायला लावलं. मिस्त्रीला हे कळलं तेव्हा बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, त्याला चांगलंच बरं वाटलं.

मुलीची मोटरसायकल कारखान्याच्या आवारात ठेवलेली होती. ती आणायला मिस्त्री गेला, तर मॅनेजर म्हणाला, "बरे आलात. जुना माणूस आहे, असं ऐकीव गोष्टीवरून कायमचं काढणं जिवावर येतं. तुम्ही आवाजातले जाणकार. आपण इथेच बघू या का, त्याला ऐकू येतं की नाही?"

जाणकार म्हटल्यावर मिस्त्रीची छाती फुगली. त्याने वाकडं झालेलं हँडल जागेवरच सरळ केलं आणि गाडी एका हमालाच्या हाती दिली. ठरलं असं, की ड्रायव्हरने चालू ट्रकमध्ये काचा लावून समोर बघत बसायचं, हमालाने मागून डाव्या अंगाने गाडी आणायची, आणि आवाज आला की ड्रायव्हरने हात वर करायचा.

गाडी फुर्रकन ट्रकच्या पुढे निघून गेली, मग ड्रायव्हरचा हात वर गेला. हमाल खो खो हसले. मिस्त्री सगळ्यांत मोठ्याने हसला. ड्रायव्हर खाली उतरला आणि शांतपणे म्हणाला, "आता मिस्त्रींना बसवा."

"बसतो की. मला काय धाड भरलीय?"

तो ऐटीत चढला. दार लागलं, काच वर गेली. ट्रकचं इंजिन पायाखाली घरघरत होतं, डोक्यामागे बर्फाची पेटी गार ठेवणारं यंत्र गुणगुणत होतं. मिस्त्रीने सवयीने डोळे मिटले आणि कान टवकारले. स्वतःच्या हाताने फोडलेला कंठ तो, हजारांत ओळखला असता. काहीच येईना. हमालाने गाडी सुरू केली नसावी असं वाटून त्याने डोळे उघडले आणि बाजूच्या आरशात पाहिलं. गाडी आली होती. ट्रकच्या मागच्या चाकापाशी पोचली होती, आणि तिचा आवाज मात्र कुठेच नव्हता.

मिस्त्रीचा हात वर गेला. त्यानंतर गाडी केबिनच्या पुढे गेली, नळीचं तोंड त्याच्याकडे झालं, आणि मग तो ओळखीचा गडगडाट आला. तेव्हा त्याला कळलं. नळी मागे तोंड करून ओरडते, आणि तो जन्मभर मागेच बसून ऐकत आला होता. पुढच्या माणसाला काय ऐकू येतं हे बघायला तो कधी पुढे गेलाच नव्हता.

"आलं ऐकू?" मॅनेजरने दार उघडून खालून विचारलं.

खाली हमाल उभे होते, त्यातल्या दोघांच्या गाड्यांना त्याचेच सायलेन्सर होते.

"आलं की," तो म्हणाला. "स्पष्ट आलं."

मॅनेजरने सुस्कारा टाकला आणि किल्ली दुसऱ्या माणसाला देऊन टाकली. ड्रायव्हरने मिस्त्रीकडे एकदा पाहिलं. आरशाचं त्याला कळलं होतं की नाही, कोण जाणे. तो लाद्यांकडे गेला.

घरी येऊन मिस्त्रीने उगाच मोठ्या आवाजात सांगितलं, "बहिराच निघाला. सगळ्यांसमोर सिद्ध झालं." बायकोने मान हलवली. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडलेली मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, त्यांनी वळायचा दिवा लावला होता. मी पाहिला होता."

"मग थांबली का नाहीस?"

"वाटलं, मी ऐकू येतेय तर ते थांबतील. नेहमी तसंच वाटतं मला, त्या आवाजामुळे. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर असते तर मी थांबले असते." आणि मग तिने विचारलं, "तुम्ही बसून पाहिलंत का आत? तुम्हाला आलं ऐकू?"

तिच्या चेहऱ्यावर कसलाही आरोप नव्हता. ती नुसतं विचारत होती, आणि उत्तर येईल ते खरं धरणार होती. मिस्त्रीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नळी त्याने कापली, भरवसा त्याने दिला, पाय पोरीचा मोडला आणि थप्पड तिसऱ्यानेच खाल्ली.

"नाही आलं," तो म्हणाला. "आरशात बघून हात वर केला."

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो चालत कारखान्यात गेला. मॅनेजर, हमाल, ड्रायव्हर, सगळे असताना माल चढवायच्या फलाटासमोर उभं राहून त्याने जे होतं ते सांगितलं. सांगताना आवाज इतका बारीक लागला की मॅनेजर म्हणाला, "काय? जरा मोठ्याने." मग तेच सगळं त्याला मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं. एक हमाल फिसकन हसला. ड्रायव्हर बर्फाने लाल झालेले हात सदऱ्याला पुसत होता.

"माझ्या कानाखाली द्या," मिस्त्री त्याला म्हणाला. "म्हणजे फिटंफाट होईल."

"मला मारामारी नको, किल्ली हवीय," ड्रायव्हर म्हणाला. मॅनेजरने ती दिली. "मुलगी कशी आहे? माल टाकायला तिकडेच चाललोय. बसा, सोडतो."

मिस्त्रीला त्याच्या शेजारी बसण्यापेक्षा मैलोगणती चालणं परवडलं असतं, पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? तो मुकाट्याने बसला. माल उतरवून झाल्यावर घर यायच्या आधी ट्रकला डावीकडे वळायचं होतं. ड्रायव्हरने दिवा लावला, गती कमी केली आणि थांबला. आरशात पाहिलं. काच खाली करून ऐकलं. पुन्हा आरशात पाहिलं. रस्ता मोकळा होता, तरी चाक फिरेना. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

"त्या दिवसापासून गाडी चालवली नव्हती," तो पुटपुटला. "भीती बसलीय, ते आज कळतंय."

मिस्त्रीने घाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागे पुढे, चाकापर्यंत नीट पाहिलं. "कुणी नाही. घ्या वळवून. या बाजूला कुणीच नाही."

ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. त्याने हँडब्रेक ओढला, दार उघडलं, खाली उतरला आणि ट्रकला वळसा घालून डाव्या बाजूला स्वतः बघायला आला. खिडकीतल्या मिस्त्रीच्या हनुवटीखालून तो चाकापर्यंत वाकत गेला, आणि तो परत येऊन बसेपर्यंत मिस्त्रीला मान वर करता आली नाही.