डावा पाय, उजवा पाय

आईला शाळेच्या बाकावर उभं केलं होतं. लुगडं गुडघ्यांच्या वर. समोर मुंबईहून आलेले मोठे डॉक्टर, मागे पांढऱ्या कोटातली शिकाऊ पोरं. एकाच्या हातात कॅमेरा.

"चेहरा नको. फक्त पाय घ्या," डॉक्टर त्याला म्हणाले.

आईचे दोन्ही पाय बरे झाले होते. त्यावरच डॉक्टर भडकले होते.

आम्ही वसईच्या मिठागरातली माणसं. खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय फुटतात, चिघळतात. खाज सुटली की आई रक्त येईस्तोवर पाय जमिनीवर घासायची. गोखिवऱ्याच्या बाजूला शाळेत त्वचारोगाचं मोफत शिबिर लागलं, तशा आमच्या बऱ्याच बाया गेल्या. ज्यांना घेतलं त्यांना दोन-दोन ट्यूबा. निळ्या झाकणाची डाव्या पायाला, पांढऱ्या झाकणाची उजव्याला. का, ते कुणी सांगितलं नाही. फुकटच्या औषधाला आम्हीही प्रश्न विचारला नाही.

डाव्या पायाच्या जखमा सुकल्या. भेगा मिटल्या. उजवा तसाच चिघळत राहिला.

आमच्याकडे मिठागरातून परतल्यावर बाया विहिरीवर ओळीनं बसतात. गोड्या पाण्यानं पाय धुतात आणि एकमेकींच्या पायांना खोबरेल चोळतात. एकीचं तेल, सगळ्यांचे पाय. मग त्या ओळीतून निळी ट्यूब फिरली. डाव्यालाही, उजव्यालाही. शिबिरात घेतलं नव्हतं त्या बायांच्या पायांनाही.

"निळी ट्यूब दोन्ही पायांना लावलीस?" डॉक्टरांनी आईला दरडावलं.

"लावली. पाय दोनी माजंच ना?"

पोरं खिदळली. डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "या लोकांना डावं-उजवं कळत नाही. एका ट्यूबमध्ये औषध, दुसरीत नुसता लेप. फरक बघायचा होता. हिनं सगळी वाट लावली."

नुसता लेप. म्हणजे आईचा उजवा पाय मुद्दाम चिघळत ठेवला होता.

मी तेव्हा कॉलेजात शिकत होते, त्या दिवशी आईसोबत आले होते. विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून कळलं असतं तुम्हाला?"

आई कुजबुजली, "गप गो बाय. मलम बंद करतील."

मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. आईचं लुगडं खाली केलं, हाताला धरून तिला बाकावरून उतरवलं.

मलम बंद झालं. सगळ्यांचंच. आईचे पाय पुन्हा फुटले. बरेच दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. "तुज्या तोंडानं माजं मलम गेलं," एवढंच. त्या निळ्या ट्यूबेतलं औषध पुढे कुठल्या दुकानात, कुणाच्या पायांसाठी गेलं, मला माहीत नाही. आमच्या गावात आलं नाही, एवढं माहीत आहे.

आता त्याच शाळेवर पुन्हा फलक लागलाय. मोफत तपासणी, मोफत औषध. मोफत हा शब्द दिसला की मी आता फलकाच्या मागे काय आहे ते बघते.

संशोधन करू नका, असं मी म्हणत नाही. आमचे पाय बरे व्हायला हवेतच. पण कुठल्या ट्यूबेत काहीच नसू शकतं, ते आधी सांगा. आमच्या भाषेत सांगा. आणि जे औषध आमच्या कातडीवर खरं ठरेल, ते आमच्या विहिरीपर्यंत येणार का, तेही सांगा.

काल विहिरीवर हे सगळं बोलले. आई पाय चोळत ऐकत होती. म्हणाली, "पयली मी इचारीन."

ती विचारेल. मी तिच्या बाजूला असेन. उत्तर मिळेपर्यंत आमच्यातला एकही पाय त्या बाकावर चढणार नाही. ना डावा, ना उजवा.