नव्वदीच्या पुढचं खातं

आमच्या गावातल्या लाकडाच्या वखारीत आर्डिस हाल्वरसननं चौतीस वर्षं हिशेब लिहिले, आणि त्यातली निदान तीस वर्षं मी तिथली फुकट कॉफी प्यायलो. तेव्हा हे ऐकीव नाही.

डिसेंबर आला की ती उधारीचे रकाने पाडायची. तीस दिवसांच्या आतली, साठाची, नव्वदीच्या पुढची. मग मागचा अनुभव धरून टक्के लावायचे: ताज्या उधारीत शंभरातले दोन डॉलर बुडणार, नव्वदीपुढच्यात अर्धे. तेवढी रक्कम त्याच वर्षी खर्चात धरायची. कोण बुडवणार ते मात्र लिहायचं नाही. मी खोडी काढायचो, "बाई, ते दोन डॉलर माझेच ना?"

ती चष्म्यावरून बघायची. "अंदाजाला नाव नसतं. तोंड असतं तर तुझंच असतं."

नव्वदीच्या पुढे एक खातं अकरा वर्षं जागचं हललं नव्हतं. लाइल हाल्वरसन, चारशे अठरा डॉलर. तिचा मुलगा. होडी बांधायला त्यानं देवदाराच्या फळ्या उधार नेल्या, बापाला पुरलं त्याच दिवशी आईशी कडाकडा भांडला, आणि होडी ट्रकवर चढवून पश्चिमेला निघून गेला. पत्र नाही, फोन नाही. पगार घेते आणि पोराची उधारी फेडत नाही, अशी गावात कुजबुज होती. सुरुवात बहुधा माझ्यापासूनच झाली असावी. एकदा तिला तोंडावरच विचारलं. म्हणाली, देणं त्याचं आहे, तोच येऊन देईल. मी तिला चिक्कू ठरवून मोकळा झालो.

गेल्या एप्रिलमध्ये ती निवृत्त झाली. तरुण मालक रॉडनीनं केक आणला आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात एक कागद ठेवला. लाइलची रक्कम बुडीत टाकून त्यानं खातं मिटवलं होतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आर्डिसनं कागद दोनदा वाचला. "बंद केलंस?"

"तुमच्यासाठीच केलं. आता लाइलचं इथं काही देणं उरलं नाही."

"अर्धे बुडतील असं मी दर वर्षी धरत होते, रॉडनी. म्हणजे अर्धे येतील असंही." मग हळूच म्हणाली, "परत यायला त्याच्याकडे तेवढंच निमित्त होतं."

केक कुणी कापला नाही. तिनं पर्स उघडून पाच डॉलरची नोट टेबलावर ठेवली. बुडीत टाकलेल्या खात्यावर पैसे आले, तर ते खातं आधी पुन्हा उघडावं लागतं. रॉडनीला हे तिनंच शिकवलेलं.

"लाइलच्या नावे जमा कर. बाकी चारशे तेरा."

रॉडनीनं लिहिलं. कुठला रकाना, असं विचारायची त्याला हिंमत झाली नाही.

आता महिन्यातून एकदा ती पावशेर खिळे घ्यायला येते. घरात ठोकायला तिच्याकडे काही नाही. जाता जाता खातं उघडं आहे ना, एवढंच विचारते. रॉडनी मान हलवतो, आणि मी कॉफीत बघत बसतो.