विहिरीतल्या हडळीची दुसरी सीडी

त्या दुपारी आमच्या मिठबावच्या पडवीत चौघं होतो: मी, माझी नणंद कमळ, मोबाईल धरून उभी शेजारची रोहिणी, आणि बापू. बापू पूर्वी देवगडला पिक्चरच्या सीड्या भाड्यानं द्यायचा.

कमळ भुताच्या पिक्चरांवर बोलायची, रोहिणी ते मोबाईलवर घेऊन लोकांना बघायला टाकायची. कमळला पडलेले, कोणी न बघितलेले पिक्चरच लागायचे. "चाललेल्या पिक्चराक माजी गरज काय?" म्हणायची. बोलायला लागली की पदर खोचायची. "ह्या रगात नाय गो, कोकमाचा आगळ! आणि बघ, हडळीचे केस उडतत, मागचो माड हलणा नाय. पंखो लावल्यानी मेल्यानी!" हसून हसून खोकला यायचा. मग एकदम गप्प होऊन विचारायची, "पण तिका मारल्यान कोणी? ता सांगल्यानी?" ते सांगितलं नसेल तर पिक्चर तिच्या लेखी वाईट. आणि शेवट बघितल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा नेम.

माझा नवरा, तिचा सख्खा भाऊ, होडीसकट गेला तेव्हा मी कोवळीच. लोक मला पांढऱ्या पायाची म्हणाले. कोणी दारात उभं करेना. कमळ माझ्याबरोबर काजूच्या कारखान्यात आली. काजूच्या टरफलातल्या तेलानं दोघींच्या हातांची सालं निघाली. चाललं तसं चालवलं.

त्या दुपारी बापूनं आणलेल्या पिक्चरातली बाई तशीच. नवरा बुडाला म्हणून गावानं तिला विहिरीत ढकललेलं. लाल लुगड्यात, हातात कंदील घेऊन ती वर आली नि कमळ ओरडली, "वयनी, बघ गो! राणीसारखी इली!" मग गाव मशाली घेऊन विहिरीकडे निघालं, आणि पहिली सीडी संपली.

"दुसरी खंय आसा रे?"

"हरवली गो. एकच गावली."

"मेल्या, अर्धा जेवाण वाढून ताट काढतंस?"

रोहिणी म्हणाली, "आत्ये, ऱ्हवांदे. दुसऱ्या पिक्चरार बोल."

"नाय. आज ह्याच्यारच. लाव तो मोबाईल!"

नेम मोडून ती बोलली. माझा हात धरून मला पुढं ओढलं. "मंडळी, त्या बायक जाळल्यानी काय सोडल्यानी, माका ठावक नाय. पण ही माजी वयनी. लोका हिका पण तसाच म्हणायची. ही बघा, बसली आसा. जेवता, हसता, भुताचे पिक्चर बघता. ती पण सुटली असतली!"

इतक्या वर्षांत चारचौघांत माझ्या बाजूनं असं कोणी बोललं नव्हतं. मी पदर सारखा केला.

पुढं कमळ आजारली. अंथरुणातनं बापूला रोज फोन, "गावली?" बापू पार आरोंद्यापर्यंत जुनी दुकानं धुंडाळून आला. नाही मिळाली. शिमग्याच्या आधी कमळ गेली.

तुमच्या घरात जुन्या सीड्यांचं खोकं असेल तर एकदा उघडून बघा. लाल लुगडं, कंदील, विहीर. सापडली तर मिठबावला कोणाच्याही हाती द्या, माझ्यापर्यंत येईल. गावानं तिचं काय केलं, ते मला बघायचं आहे.